लग्नपत्रिकेवरचा नेम

हंबीररावांच्या घरात लग्नपत्रिका फेकून द्यायची पद्धत नव्हती. वर गणपती असतो, खाली कुलदैवताचं नाव असतं, हळदकुंकवाचं बोट लागलेलं असतं. असला कागद चुलीत तरी कसा घालायचा आणि उकिरड्यावर तरी कसा टाकायचा? म्हणून साळूबाई आलेली प्रत्येक पत्रिका माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून देत. हंबीरराव फौजेतून घरी आले त्यालाही आता वीसेक वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या वर्षांत ती ट्रंक काठोकाठ भरली, आणि तिचं पुढं काय करायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

ते सुचवलं छऱ्याच्या बंदुकीनं.

सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये हंबीररावांनी पेपरात एक बारकी बातमी वाचली. सांगलीत जिल्ह्याच्या नेमबाजी स्पर्धा होणार होत्या, आणि त्यात साध्या, देशी, स्वस्तातल्या छऱ्याच्या बंदुकीसाठी वेगळा गट ठेवला होता. ती बातमी त्यांनी तीनदा वाचली, कापली आणि पुस्तकात खूण म्हणून घातली. खोलेवाडी त्यांना सुभेदार म्हणायची, पण खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि तेही क्लार्क म्हणून. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा टाक जास्त वेळ होता. आपण कुणाला काय शिकवणार, असं त्यांनी स्वतःला महिनाभर विचारलं. मग एक दिवस तासगावहून एसटी धरून सांगलीला गेले आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक बंदूक घेऊन आले. परवाना लागत नव्हता, पेन्शनीत बसत होती, आणि दुकानदार म्हणाला होता की शिकायला हीच बरी.

जागेचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या भावाचं बेदाण्याचं शेड पावसाळाभर रिकामं असायचं. जानेवारीत द्राक्षं येऊन जाळ्यांवर पसरेपर्यंत तिथं चिमण्यांशिवाय कुणी फिरकत नसे. हंबीररावांनी विहिरीचा दोर मोजून दहा मीटरवर चुन्याची रेघ मारली आणि समोर वाळूची पोती भरलेली लाकडी पेटी ठेवली. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी सहा पोरं पाठवली. गणपती उठेपर्यंत त्यातली दोन राहिली, आणि दसऱ्यानंतर एकटी प्रियदर्शनी.

प्रियदर्शनी नागसेन कंडक्टरची धाकटी मुलगी, बौद्धवस्तीतली. अकरावीत होती, बोलायची कमी. बंदूक पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिनं ती आधी सगळी बघितली: नळी जिथं मोडून छरा घालायचा ती बिजागरी, घोडा, नेम धरायला नळीच्या टोकावर असते ती माशी. मग बिजागरीवर बोट ठेवून म्हणाली, ही इथं हलती हाय. खरंच हलत होती. त्यामुळं छरा कायम डावीकडं जायचा. हंबीररावांनी सायकलच्या ट्यूबची चकती कापून तिथं बसवली, तरी थोडा फरक राहिलाच. त्यांनी तिला सांगितलं की बंदूक स्वस्त आहे, पण लबाड नाही. रोज तेवढीच डावीकडं जाते, तेवढंच तू उजवीकडं धर. तिनं ते एकदा ऐकलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

श्वासाचंही तसंच. अर्धा श्वास सोडायचा, अर्धा आत ठेवायचा, आणि त्या थांबलेल्या जागेत घोडा ओढायचा. ओढायचा म्हणजे दुधावरची साय काढताना बोट लागतं तेवढाच. हे आपल्याला आपल्या उस्तादानं शिकवलं, असं हंबीरराव म्हणायचे. उस्तादाचं नाव ते सांगत नसत, आणि तीही विचारत नसे.

अडचण आली ती निशाणाच्या कार्डांची. छापील कार्डं रोज वापरायला परवडण्यासारखी नव्हती. वहीचा कागद छऱ्यानं फाटायचा आणि नेम कुठं लागला तेच कळायचं नाही. जाड कागद हवा, ज्याला गोल, स्वच्छ भोक पडेल. हंबीररावांची नजर माळ्यावर गेली. पत्रिकेचा कागद चांगला जाड असतो आणि पाठ कोरी असते. कंपासनं वर्तुळं काढायची, मधलं शाईनं काळं करायचं, की झालं कार्ड.

साळूबाईंनी एकच अट घातली. देवावर छरा जाता कामा नये.

अट त्यांना पटली. रोज सकाळी चहा झाला की हंबीरराव ओसरीवर पाट घेऊन बसायचे, पट्टी लावून ब्लेडनं प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती अलगद चौकोनी कापून काढायचे. मग कुलदैवताची ओळ. जोतिबा, खंडोबा, सिद्धनाथ, तुळजाभवानी, जे असेल ते. कापलेल्या पट्ट्या एका कापडी पिशवीत जमा व्हायच्या. सांगलीला गेल्यावर कृष्णेत सोडायच्या असं ठरलं होतं. गावात याची चर्चा झाली. मारुतीच्या पारावर म्हातारी माणसं म्हणाली, सुभेदाराचं काम बघा, नेमबाजीसुद्धा धर्म सांभाळून. हंबीररावांना कौतुकाची सवय नव्हती. घरी येऊन त्यांनी त्या दिवशी चार पत्रिका जास्त कापल्या.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, प्रियदर्शनीनं पाच छरे मारले. दहा मीटरवरून हंबीररावांना एकच भोक दिसत होतं. चार कुठं गेले म्हणून ते चष्मा पुसायला लागले. ती पळत पेटीपाशी गेली, कार्ड काढलं, आणि परत येईना. त्यांच्याकडं पाठ करून तशीच उभी राहिली.

ते जवळ गेले. पाचही छरे मधल्या काळ्यात लागले होते, एकाला एक चिकटून. असा नेम त्या शेडमध्ये त्याआधी कुणी मारला नव्हता. पण ती पुढून बघत नव्हती. तिनं कार्ड उलटं केलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "ही आमच्या ताईची पत्रिका हाय."

निळ्या शाईत छापलेली पत्रिका होती. वरच्या बाजूला दोन छोट्या तसबिरी, एक बुद्धाची आणि एक बाबासाहेबांची, मध्ये 'मंगल परिणय' अशी अक्षरं. त्या तसबिरी कापलेल्या नव्हत्या. पाच छऱ्यांचं ते भोक दोन तसबिरींच्या बरोबर मधून गेलं होतं आणि त्याच्या फाटलेल्या कडा दोन्हीकडं पोचल्या होत्या.

काय झालं ते हंबीररावांना लगेच कळलं होतं, आणि तेच वाईट होतं. ब्लेड घेऊन बसलं की त्यांची नजर गणपती शोधायची. या पत्रिकेवर गणपती नव्हता. खाली कुठल्या डोंगरावरच्या देवाचं नाव नव्हतं. म्हणून कापण्यासारखं काही नाही असं हातानं परस्पर ठरवलं आणि पत्रिका उलटी करून, चुकवायला खिडकी नाही म्हणून वरच्या भागातच कंपास टेकवला. त्या दोन तसबिरी डोळ्यांपुढून गेल्या होत्या, पण त्यांनी त्या बघितल्या नव्हत्या.

प्रियदर्शनीनं बाजूच्या फळीवरची बाकीची कार्डं उचलली. एकेक उलटी केली. प्रत्येकात वरच्या बाजूला नीट चौकोनी खिडकी होती.

"बाकीच्यांचं देव कापल्यात तुमी," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. वर्गात गणित तपासून बघावं तशी ती म्हणाली. यावर माणसानं काहीतरी म्हणायला हवं होतं. हंबीररावांनी काय केलं, तर तिच्या हातातलं कार्ड घेतलं, दुमडलं, सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि म्हणाले, "घरी काय बोलू नगंस."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग मान हलवली. तेलाच्या फडक्यानं नळी पुसली, बंदूक कोपऱ्यात उभी केली, चपला घातल्या आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी होती. फॉर्म भरून झाला होता. ती येईल की नाही याची काळजी हंबीररावांना होती, पण त्याहून मोठी काळजी ती घरी बोलली असेल का ही होती. पहिल्या काळजीपेक्षा दुसरी मोठी निघाली, याचीच त्यांना आता जास्त लाज वाटायला लागली. रोज ते शेडमध्ये जाऊन बसायचे, पुस्तक उघडायचे आणि एकच पान वाचत राहायचे.

पाचव्या दिवशी नागसेन आला. ड्यूटीवरून परत येताना तसाच, खाकी कपड्यांत. हातात छऱ्यांची पत्र्याची डबी होती. प्रियदर्शनी ती मोजून निवडून ठेवायला घरी न्यायची. वाकडे छरे बाजूला काढायची. नागसेननं डबी ओसरीच्या कडेवर ठेवली आणि अंगणात उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

तो विचारायला आला होता की पोरीकडून काही चुकलं का. ती काही सांगत नाही, नुसती जाणार नाही म्हणते. वाकडं बोलली असेल, बंदूक पाडली असेल, तर सुभेदारांनी पोटात घालावं. तिच्या आजीला तर फार वाईट वाटतंय. वस्तीतल्या पोरीला कुणी आपणहून बोलावून शिकवतंय हे आजी चार ठिकाणी सांगत फिरली आहे.

म्हणजे ती बोलली नव्हती. हंबीररावांच्या छातीवरचं ओझं हलकं झालं, आणि ते हलकं झालं हे त्यांना स्वतःला कळलं. ते म्हणाले, परीक्षा जवळ आली असेल तिची. बाकी काही नाही. पोरगी गुणाची आहे.

साळूबाईंनी चहा आणला. फळीवर कपबश्या मांडलेल्या होत्या. त्यांनी खिडकीतला एकटा कप उचलून त्यातून आणला. वर्षानुवर्षं तो कप तिथंच असायचा, नागसेन आला की त्यातूनच प्यायचा, जाताना नळावर विसळून परत खिडकीत ठेवायचा. हंबीररावांनी हे आज पहिल्यांदा बघितलं. म्हणजे दिसत रोज होतं. नागसेननं चहा प्यायला, कप विसळला, जागेवर ठेवला, आणि पोरीला समजावून पाठवतो असं म्हणून गेला. जाताना म्हणाला, तुमचे उपकार आहेत.

दुपारी साळूबाई आडव्या झाल्यावर हंबीररावांनी खिशातलं कार्ड काढलं. पाकीट त्यांनी दहा दिवसांपूर्वीच पहिल्यांदा फोडलं होतं, तेही कागद बाहेर काढण्यापुरतं. पत्रिका येऊन अडीच वर्षं झाली होती. आता त्यांनी ती वाचली. त्यांना सगळं नीट वाचायची सवय होती, जुन्या मासिकांतल्या जाहिरातींसकट; ही तेवढी राहिली होती. वधू नीलिमा. त्याखाली: कालकथित अर्जुना यांची नात. आणि अगदी तळाला, छापलेलं नव्हे तर बॉलपेननं लिहिलेलं: 'सुभेदार, नक्की यावे. आई वाट बघेल.' ब्लेडनं पत्रिका आकारात आणताना त्या ओळीचा खालचा भाग कापला गेला होता. अक्षरांचे पाय तेवढे तुटले होते.

अर्जुना नागसेनचा बाप, आता हयात नसलेला. चोपन्न साली साताऱ्याला भरती होती, तेव्हा खोलेवाडीतून दोघंच गेले होते, हंबीरराव आणि अर्जुना. दोन दिवस मैदानावर रांगेत उभं राहायचं होतं. हंबीररावांच्या आईनं बांधून दिलेलं गाठोडं पहिल्याच दिवशी कुणीतरी लांबवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे पाय लटपटायला लागले, तेव्हा अर्जुनानं त्यांना स्टँडामागच्या लिंबाखाली बसवलं आणि आपलं फडकं सोडलं. जोंधळ्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी. हंबीररावांनी तीन भाकरी खाल्ल्या. अर्जुना बघत होता आणि हसत होता. परत येताना एसटीत तो कानाशी येऊन म्हणाला, "घरी काय बोलू नगंस गड्या. तुझी आय तुला आठ दिस भाईर बसवंल."

दोघंही भरती झाले, वेगवेगळ्या पलटणींत. पुढं रजेवर एकत्र आले की अर्जुना त्यांना बांधावर घेऊन जायचा, हातात ऊस बंदुकीसारखा धरायला लावायचा आणि शिकवायचा. अर्धा श्वास सोड, अर्धा ठेव. दुधावरची साय. क्लार्क हंबीररावांची वर्षाची फायरिंग त्याच्यामुळं पास व्हायची. उस्ताद म्हणजे तो.

आणि त्याच्या नातीच्या लग्नाला नागसेन स्वतः बोलवायला आला, तेव्हा हंबीरराव म्हणाले होते, नेमकं त्याच दिवशी साताऱ्याला पेन्शनीचं काम निघालंय. पंगतीत बसावं लागलं असतं. आपल्या गावात, चार माणसांदेखत. लग्नाच्या दिवशी ते घरातच होते. वस्तीवरच्या कर्ण्यावरून वंदना ऐकू आली तेव्हा त्यांनी उठून खिडकी लावून घेतली आणि वाचत बसले.

कार्ड हातात घेऊन त्यांना एवढंच दिसत होतं: घरी बोलू नको, असं अर्जुना म्हणाला होता ते त्यांना वाचवायला. आणि तेच शब्द, त्याच चालीत, त्यांनी अर्जुनाच्या नातीला सांगितले ते स्वतःलाच वाचवायला.

दुसऱ्या दिवशी नागसेनची सुट्टी होती. उन्हं उतरायच्या आत हंबीरराव निघाले. अंधार पडल्यावर जावं असं मनात एकदा आलं होतं. म्हणूनच ते लवकर निघाले. पारावरच्या माणसांनी विचारलं, सुभेदार कुठं? ते म्हणाले, जाईबाईकडं. कशाला, असा पुढचा प्रश्न आला. त्यांनी उत्तर दिलं नाही. तेवढं धैर्य अजून गोळा झालं नव्हतं.

जाईबाई, अर्जुनाची बायको, दारात शेंगा फोडत बसली होती. नागसेननं बाजेवर चादर टाकली. प्रियदर्शनी आत होती, ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हंबीररावांनी बसायच्या आत खिशातलं कार्ड काढलं आणि बाजेवर ठेवलं, छापील बाजू वर करून. आधी बसलो तर बोलणं होणार नाही, अशी त्यांना भीती होती.

त्यांनी सगळं सांगितलं. घाईघाईनं, मध्ये अडखळत, एकच वाक्य दोनदा. इतरांचे देव कापले आणि हे कापले नाहीत. मुद्दाम नाही, पण मुद्दाम नाही हेच जास्त वाईट. पोरीला कळलं तेव्हा तिला गप्प बसवलं. काल नागसेन आला तेव्हाही लपवलं. चूक तिची काही नाही.

नागसेननं पत्रिका उचलली. बोट त्या भोकाच्या कडेनं फिरवलं. मग खालची, पाय तुटलेली ओळ बघितली. हंबीररावांना वाटलं तो तसबिरींबद्दल बोलेल. त्यानं विचारलं ते वेगळंच.

"लग्नादिवशी तुमी साताऱ्याला गेला हुता का?"

"न्हाई," हंबीरराव म्हणाले. "घरीच हुतो."

नागसेननं मान हलवली, जणू हिशेब जुळला. जाईबाईचे हात शेंगांवर थांबले होते. ती हंबीररावांकडं न बघता बोलली.

"मी वाढून ठेवलं हुतं, हे नागसेनच्या मनात हाय आजून. पंगत उठली तरी तुमचं ताट मी हालू दिलं न्हाई. म्हनलं साताऱ्यास्नं याला उशीर हुईल." एक शेंग तिनं फोडली. "साताऱ्याला आमची भाकरी चालली तुमाला. तीन खाल्ल्या. आन हे उपाशी आलं हुतं घरी."

हंबीररावांना हे माहीत नव्हतं. अर्जुनाच्या फडक्यात तीनच भाकरी होत्या, हे त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी फक्त आपली भूक आठवणीत ठेवली होती.

त्यांना वाटलं, आता म्हणावं, जाईबाई, भाकरी असेल तर द्या, इथं दारात बसून खातो, सगळ्यांना दिसू दे. शब्द ओठापर्यंत आले. मग त्यांच्या लक्षात आलं की तेही पुन्हा मागणंच झालं. पुन्हा याच घरानं काहीतरी द्यायचं आणि आपण हलकं होऊन जायचं. त्यांनी मागितलं नाही.

जाईबाई उठली. म्हणाली, "च्या घ्या म्हनायची रीत हाय. पर आज न्हाई म्हनत मी." आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेली.

हंबीरराव जायला वळले. दारातली प्रियदर्शनी तेव्हा पहिल्यांदा बोलली. बापाच्या हातातून तिनं पत्रिका घेतली, ओढणीनं पुसली.

"मी येनार हाय सांगलीला," ती म्हणाली. "पर कार्डं मी करनार."

दुसऱ्या दिवसापासून ती आली. शाळेतून जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचे पुठ्ठे मागून आणले होते. वर्तुळं स्वतः काढायची, स्वतः लावायची. हंबीररावांशी बंदुकीपुरतं बोलायची. आधीही ती कमी बोलायची, पण तो कमीपणा वेगळा होता. एक नवी सवय मात्र तिला लागली. पेटीवर लावायच्या आधी प्रत्येक कार्ड ती उलटं करून बघायची. स्वतःच्या हातानं केलेलं असलं तरीही.

साळूबाईंना हंबीररावांनी सगळं सांगितलं. दोन दिवसांनी खिडकीतला कप तिथं दिसला नाही. फळीवर मांडला होता की फोडून टाकला होता, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

स्पर्धेच्या दिवशी नागसेनच्याच गाडीनं ते दोघं सांगलीला गेले. एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. बाकीच्या गटांतल्या पोरांकडं परदेशी बंदुका होत्या, अंगात जाड जाकिटं. चादर सोडून प्रियदर्शनीनं आपली बंदूक काढली तेव्हा मिरजेच्या एका प्रशिक्षकानं ट्यूबची चकती बघून विचारलं, पंक्चर काढायचं सामान पण आणलंय का. आजूबाजूचे हसले. हंबीररावही हसले, कसनुसं. ती हसली नाही. छऱ्यांची डबी उघडून वाकडे छरे निवडत राहिली.

इथं कार्डं छापील होती, करकरीत, आणि प्रत्येक नेमाला नवं; टेबलापाशीच चिमट्यात लावायचं आणि दोरीच्या चाकानं समोर पाठवायचं. चाळीस नेम. मागच्या रेघेपलीकडं प्रशिक्षकांना उभं राहायला जागा होती, तिथं हंबीरराव कापलेल्या पट्ट्यांची पिशवी छातीशी धरून उभे राहिले. पहिलं कार्ड मिळालं तसं प्रियदर्शनीनं ते उलटं केलं, बघितलं, मग लावलं. दुसरं उलटं केलं, बघितलं, लावलं. तिसरं. सातवं. छरे उजवीकडं-डावीकडं न जाता मधल्या काळ्यात जात होते, पण हंबीररावांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते नुसतं तिचं मनगट वळायची वाट बघत होते.

तो मिरजेचा प्रशिक्षक त्यांच्याजवळ सरकला. आता थट्टेचा सूर नव्हता.

"श्वास काय सुंदर धरते हो. तुम्ही शिकवलं?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. महिनोन्‌महिने ते उस्तादाचं नाव गिळतच आले होते.

"न्हाई," हंबीरराव म्हणाले. "तिच्या आजोबानं. अर्जुना नाव. मला शिकवलं त्यानं, ते मी तिच्यापर्यंत पोचवलं."

ते जरा मोठ्यानं बोलले असावेत. टेबलापाशी प्रियदर्शनीनं खांद्याला लावलेली बंदूक खाली घेतली आणि मागं वळून बघितलं. उस्ताद कोण, हे तिला आज कळत होतं. ती किती वेळ बघत होती ते हंबीररावांना सांगता आलं नसतं. मग ती वळली, नवं कार्ड घेतलं, आणि उलटं केलं.

"आणि हे काय?" प्रशिक्षकानं विचारलं. "प्रत्येक कार्डाच्या मागं काय बघते ती? कोरंच तर असतं."

शेजारी आणखी तिघं-चौघं उभे होते. त्यातला एक हंबीररावांच्या भावकीतला, तासगावच्या शाळेचा. तोही कान देऊन होता. हे आज इथं बोललं की उद्या खोलेवाडीच्या पारावर पोचणार होतं. सवय आहे तिची, एवढं म्हटलं तर भागत होतं.

हंबीररावांनी अर्धा श्वास सोडला. अर्धा आत ठेवला.

"माझ्यामुळं बघते," ते म्हणाले. आणि सांगितलं. लग्नपत्रिकेचं, ब्लेडचं, कापलेल्या देवांचं आणि न कापलेल्यांचं. तिला गप्प बस म्हटल्याचंही.

मिरजेच्या माणसानं चष्मा काढला आणि पुसायला लागला. भावकीतला पोरांचे गुण बघायला म्हणून दुसऱ्या टेबलाकडं निघून गेला. हंबीररावांच्या कानशिलांना आग लागली होती, आणि उभं राहायला जागा तीच होती.

टेबलापाशी प्रियदर्शनीनं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती मान वळवत नव्हती. पुढं ती त्या गटात पाचवी आली आणि नागसेननं गाडीत सगळ्यांना ते सांगितलं, पण ते नंतरचं. त्या घडीला तिची अजून बावीस कार्डं राहिली होती. तिनं पुढचं उचललं, उलटं केलं, कोरी पाठ नीट बघितली, आणि लावलं. हंबीररावांनी नजर खाली घेतली नाही. उरलेल्या बावीसही वेळा त्यांनी ते बघितलं.